धूळघाटचा वळसा: गाडी तुटण्याचं कारण सापडलं

सापडलं एकदाचं. आमच्या बागेतल्या मॉडेल रेल्वेत धूळघाटच्या वळशावर (रूळ गोल फिरून स्वतःच्याच वरून जातो तिथे) मालगाडी तुटते, म्हणजे मागचे डबे सुटून राहतात, ती उन्हामुळे. कपलर (डबे जोडणारे हुक) बदलून झाले, वॅगनमध्ये वजनं टाकून झाली, ड्रायव्हर मंडळींच्या हातावर संशय घेऊन झाला आणि शेवटी झारीभर पाण्याने चोर पकडून दिला. पण आधी रविवारच्या सेशनमध्ये, म्हणजे सगळ्यांनी जमून खऱ्या रेल्वेच्या नियमांनी गाड्या चालवल्या त्यात, काय झालं ते सांगतो, कारण जे आले नव्हते त्यांच्यापर्यंत गोष्ट चांगलीच तिखटमीठ लावून पोचली आहे.

या खेपेला पहिल्यांदाच चारही स्टेशनांवर माणूस होता: अकोट, वान रोड, धूळघाट, तुकईथड. कंट्रोलर व्हरांड्यात, बागेकडे पाठ करून. त्याला गाड्या दिसताच कामा नयेत, समोर फक्त फोन आणि चार्ट. घड्याळ चौपट वेगाचं. प्रत्येक ब्लॉकला (दोन स्टेशनांमधल्या तुकड्याला) पेपर लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची लेखी परवानगी, आणि ती देताघेताना खूण म्हणून प्रायव्हेट नंबर. मागच्या सेशनला या नंबरांची कटकट वाटणारे या वेळी स्वतःहून वहीत नोंदी करत होते. अकोटवर आपले मास्तर, ज्यांची सगळी नोकरी मीटर गेजवर गेली. त्यांच्यासमोर "येऊ द्या गाडी" असं मोघम बोलायची कुणाची टाप नाही.

सकाळचं सत्र झकास झालं. धूळघाटला मीनाक्षी एक्सप्रेस आणि मिक्स्डचं (प्रवासी आणि माल एकत्र नेणारी गाडी) क्रॉसिंग इतकं चोख झालं, की कंट्रोलर उठून बघायला आला आणि मास्तरांनी त्याला हाताला धरून परत बसवलं. मीनाक्षीला फक्त पाच डबे आहेत, खरी गाडी जयपूरहून आमच्या अकोल्यावरून खाली जायची ती केवढी लांब असायची. पण वायपी हे वाफेचं इंजिन पुढे लावून ती लिंबाच्या सावलीतून बाहेर आली तेव्हा सगळ्यांनीच कामं सोडून पाहिली. इंजिनं बॅटरीवर चालवायचं काम तर अप्रतिम. ज्यांना अजूनही रुळांतूनच करंट हवा आहे त्यांनी पावसाळ्यानंतर पितळेवर चढलेला तो काळा थर घासून दाखवावा, मग बोलू. चार सेल, १४.८ व्होल्ट, रेडिओ रिसीव्हर, विषय संपला.

मग जेवण झालं. रोडगे आणि वांग्याची भाजी. दुपारचं सत्र सुरू झालं तेव्हा सव्वा वाजून गेला होता.

बारा वॅगनची मालगाडी वान रोडहून चढायला लागली. मागे ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा शेवटचा डबा. बोगद्यात शिरली, वळसा घालून वरच्या पुलावरून धूळघाटात आली. धूळघाटच्या स्टेशन मास्तरला (अमरावतीचे आपले इंजिनिअर, नवे भिडू) त्याच वेळी सायडिंगमधून (बाजूच्या फाट्यावरून) बांबूच्या वॅगन काढायच्या होत्या. इंजिन होम सिग्नलच्या (स्टेशनात शिरतानाच्या सिग्नलच्या) आत आलेलं दिसलं आणि त्यांनी ट्रेन आउट ऑफ सेक्शन, म्हणजे मागचा सेक्शन मोकळा झाल्याचा निरोप, देऊन टाकलं. वान रोडने लगेच पॅसेंजरसाठी लाइन क्लिअर मागितली, मिळाली, गाडी सुटली.

मालगाडीच्या शेवटच्या तीन वॅगन आणि ब्रेकव्हॅन मात्र पुलाच्या अलीकडेच राहिल्या होत्या. काही क्षण तिथेच अडून राहिल्या असाव्यात, मग उलट्या सुटल्या. ४० ला १ चा उतार, पुढे डावीकडे वळण आणि बोगदा. पॅसेंजर बोगद्यात, हे चार डबे वरून. आवाज ऐकून शेजारची छोटी, आमची पॉइंटमन, धावत आली आणि म्हणाली, "आत काहीतरी फुटलं." ब्रेकव्हॅनच्या मागच्या व्हरांड्याचं पितळी तारेचं कठडं पार चेपलं, एक पायरी निखळली. वायपीचा काऊकॅचर किरकोळ वाकला.

मास्तर अकोटहून सावकाश चालत आले. "एल.व्ही. बोर्ड पाह्यला होता काय?"

"इंजिन आलेलं पाहिलं काका."

"इंजिन तं आंधळ्यालेबी ऐकू येते बाबू. मास्तर ठेवला असते शेपूट पाहाले."

यावर कुणी काही बोललं नाही. ब्रेकव्हॅनच्या पाठीला एल.व्ही.ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पिवळी पाटी आम्ही हौसेने लावली होती, फोटोत छान दिसते म्हणून. ती नेमकी कशासाठी असते, हे त्या दुपारी सगळ्यांना कळलं. जुन्या लाइनवर पूर्ण गाडी आत आली याचा दिवसा तेवढाच पुरावा मास्तरकडे असायचा. पाटी दिसली नाही तर मागे सेक्शनमध्ये काहीतरी राहिलंय, आणि मग पुढची गाडी सोडायची नाही.

तर नियम मोडला म्हणून अपघात झाला, ते मिटलं. पण गाडी तुटली का? आणि तुटते ती कायम पुलाच्या अलीकडेच का? हे याआधीही झालेलं आहे आणि प्रत्येक वेळी मी हुक-लूप कपलरच्या नावाने बोटं मोडली आहेत. काहींनी दोन्ही टोकांना हुक लावायला सांगितलं, ते लावले. तुटण्याचं प्रमाण कमी झालं, थांबलं नाही. वॅगनची उंची टेबलावर गेजने तपासली, सगळ्या बरोबर. सकाळी तीच गाडी तेच वजन घेऊन कितीही फेऱ्या मारते, एकदाही तुटत नाही.

मंडळी गेल्यावर फ्लॅट वॅगनवर मोबाईल बांधून त्या जागेवरून नेला. संध्याकाळचा व्हिडिओ स्वच्छ. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नेला आणि स्लो करून पाहिला तेव्हा दिसलं. पुलाच्या साधारण हातभर अलीकडे पुढच्या वॅगनचं नाक खाली जातं, त्याच वेळी मागची अजून वर चढत असते, आणि हुक लूपखालून अलगद सुटतो. म्हणजे तिथे उंचवटा आहे. सकाळी नसलेला उंचवटा.

६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी रुळावर लांबीच्या दिशेने ठेवली तर ती मधल्या टेकूवर डुलायला लागली. मोजलं, मध्ये ६ मिमी उचल. मग झारी आणली आणि त्या तुकड्यावर पाणी ओतलं. पितळ आधी चर्रकन सुकलं, पुन्हा ओतलं, आणि एक स्पष्ट "टक्" असा आवाज येऊन रूळ खडीत बसला. पट्टी सपाट. तशीच मालगाडी नेली, पूर्ण बारा वॅगन न तुटता पार. अर्ध्या तासाने रूळ पुन्हा तापले आणि पुन्हा तुटली. एवढा आनंद मला गाडी तुटल्यावर आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता हिशेब. पितळ दर अंशाला दर मीटरमागे १९ मायक्रॉन वाढतं. आमच्या वळशाची त्रिज्या दीड मीटर, म्हणजे एक फेरी साडेनऊ मीटरच्या आसपास. पहाटे रूळ १७ अंश, दुपारी ५२. फरक ३५. एकूण वाढ ६ मिमीच्या थोडी वर. (रुळाचं तापमान इन्फ्रारेड गनने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चकचकीत पितळेवर ती गन साफ खोटं बोलते, बरंच कमी दाखवते. रुळाच्या बाजूला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.)

६ मिमी ऐकून घाबरायचं कारण नाही. पूर्ण वर्तुळ मोकळं असतं तर ते सगळीकडून १ मिमीने बाहेर सरकलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण आमचा वळसा खाली बोगद्याच्या तोंडाशी सिमेंटमध्ये पक्का आहे आणि वर पुलावर स्क्रूने जखडलेला आहे. गेल्या पावसाळ्यात खडी वाहून गेली तेव्हापासून ते स्क्रू आहेत. शिवाय सगळे जोड क्लॅम्पने घट्ट. लांबी जाणार कुठे? जिथे खडी सैल तिथे वर. आणि यातली खरी मेख अशी, की ६०० मिमी तुकड्यात ६ मिमी उचल यायला जादा लांबी किती अडकावी लागते तर (८ गुणिले ६ चा वर्ग ३६) भागिले (३ गुणिले ६००), म्हणजे फक्त ०.१६ मिमी! ६ मिमीतला एवढासा वाटा पुलाजवळ अडकला की पुरे. एका मीटरमध्ये अख्खा १ मिमी अडकला तर मध्ये जवळजवळ २ सेंटिमीटरची कमान होईल.

मास्तरांना फोनवर हे सांगितलं तर ते हसले. उन्हाळ्यात हॉट वेदर पेट्रोलिंग (उन्हात रुळांवरची गस्त) कशाला असते, म्हणाले, भर दुपारी कीमन (रूळ तपासणारा) लाइनवर काय हवा खायला जातो?

उपाय सुरू केला आहे. पुलावरचे स्क्रू काढले, त्या जागी लांबट खाचा पाडल्या, रूळ आता बाजूला हलणार नाही पण पुढेमागे सरकेल. दर दीड मीटरवर क्लॅम्प काढून साधी सैल फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी). दीड मीटरच्या तुकड्याला ३५ अंशांत बरोबर १ मिमी लागतो, म्हणून पहाटेच्या गारव्यात जोडताना मध्ये जुनं एटीएम कार्ड आणि दोन कागद धरतो. कार्ड ०.७६ मिमीचं असतं, कागद धरून १ मिमीला पोचतं. रुळांतून करंट घेणाऱ्यांना प्रत्येक सैल जोडावर वायरचा जंपर लागेल, ते तुमचं तुम्ही पाहा.

फिशप्लेटांवरून आठवलं. एका ऑनलाइन दुकानाने पितळ म्हणून पाठवलेल्या प्लेटा लोहचुंबकाला चिकटल्या. वर पिवळा मुलामा, आत लोखंड. मागवलेला माल उघडल्याबरोबर चुंबक लावायची सवय ठेवा. शेवटी इथल्या एमआयडीसीतल्या एका कारागिराने पितळी पट्टीतून काढून दिल्या, चहा पिता पिता. आणि जे ॲल्युमिनियम रुळाच्या स्वस्ताईवर भाळले आहेत त्यांच्यासाठी: ते २३ मायक्रॉनने वाढतं. विदर्भात नको. स्टेनलेस १७ च्या आसपास आहे, पण कापताना करवत रडते.

आता पुढचं. ठरलं होतं असं, की वळसा दुरुस्त झाला की तुकईथड स्टेशनातला लूप (क्रॉसिंगसाठीचा दुसरा रूळ) लांबवायचा. तो बेत मी हे लिहिता लिहिताच बाजूला ठेवतोय. गाडी पुन्हा तुटणार नाही याची हमी कोण देणार? खऱ्या रेल्वेनेही दिली नाही, म्हणून तर भोर घाटात कॅच सायडिंगं (उतारावर सुटलेली गाडी अडवणारे फाटे) आहेत. आमचा उतार वान रोडच्या दिशेने आहे, ८० ला १ पेक्षा कितीतरी तीव्र, म्हणजे नियमाने वान रोडच्या तोंडाशी कॅच सायडिंग आलंच. स्प्रिंगचा पॉइंट कायम सायडिंगकडे लागलेला, चढणाऱ्या गाडीने चाकांनी ढकलून पुढे जायचं, उतरणारी गाडी आधी थांबणार आणि पॉइंटमनने हाताने लिव्हर ओढल्यावरच निघणार. सायडिंगच्या शेवटी वाळूचा ढीग. जागा एकच आहे, कंपोस्टच्या खड्ड्याशेजारी, आणि तिथे घरची परवानगी लागेल. धूळघाटच्या बाजूला उतार स्टेशनपासून दूर जातो, तिथे खरं तर स्लिप सायडिंगही (स्टेशनातून घसरलेले डबे उतारावर जाऊ न देणारा फाटा) हवं. ते नंतर.

इंजिनिअर साहेबांनी भरपाई म्हणून ॲक्सल काउंटर (चाकांच्या दांड्या मोजणारं यंत्र) बनवायची तयारी दाखवली. प्रत्येक ब्लॉकच्या दोन्ही टोकांना चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर, चाकांच्या दांड्यांवर छोटी चुंबकं, जितके ॲक्सल आत गेले तितके बाहेर आले तरच सेक्शन मोकळा. आता खऱ्या लाइनवरही हेच बसतं, तंत्र उत्तम आहे, खर्चही फार नाही. रात्रभर मला ते पटलेलं होतं. सकाळी नाही पटलं. हिरवा दिवा लागला की लाइन क्लिअर द्यायची असेल तर धूळघाटवर खुर्ची टाकून बसायला माणूस कशाला हवा? मीटर गेजचा मास्तर संध्याकाळी कंदील धरून गाडीचं शेपूट बघायचा, तोच तर आपला खेळ आहे. काउंटर बनवा, पण तो फक्त कंट्रोलरच्या टेबलावर राहील, सेशन संपल्यावर कोण चुकलं ते काढायला. मास्तरांना अजून विचारलेलं नाही, ते काय म्हणतील याचा अंदाज आहे.

त्यापेक्षा मला गार्ड हवे आहेत. आत्तापर्यंत एक माणूस गाडी चालवायचा आणि तोच गार्डही असायचा, म्हणजे मागे कुणी बघतच नव्हतं. यापुढे वळशावर चढणाऱ्या प्रत्येक मालगाडीला वेगळा गार्ड, ब्रेकव्हॅनच्या बरोबरीने चालणारा, त्याच्या झेंडीशिवाय ड्रायव्हरने हलायचं नाही. गाडी तुटली तर त्याने हाताने ब्रेकव्हॅन धरायची परवानगी आहे, बाकी कुणालाही नाही.

पुढचं सेशन मुद्दाम एप्रिलमध्ये, मुद्दाम दुपारी एकला. ओरडा होणार हे माहीत आहे, नागपूरकरांनी तर आधीच "वेडा झाला काय बे" म्हणून झालंय. पण खाचा आणि सैल जोड काम करतात की नाही हे अकोल्याच्या उन्हातच कळेल. मांडव घालतो, माठ भरून ठेवतो, पन्हं आहेच. गार्डाच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. लाल-हिरव्या झेंड्या माझ्याकडे आहेत, शिट्टी आणि टोपी आपापली आणा.