६ मीटर, ४० सेंटीमीटर आणि मधलं अंतर

काका तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या मानेला पट्टा होता. वय ५२, पुण्यातल्या एका कर सल्लागाराकडे अकाउंटंट. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, डोळे तुम्ही तपासलेत, मान हाडांच्या डॉक्टरांनी तपासली. सगळं नॉर्मल. मग दुपारी चारनंतर मला आकडे का दिसत नाहीत?"

तो प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा, मीच दिलेला. जवळचा नंबर अधिक २.००. पुन्हा तपासला, तोच आला. ६ मीटरवरची शेवटची ओळ त्यांनी न अडखळता वाचली, ४० सेंटीमीटरवरचं कार्डही वाचलं. काचबिंदू नाही, डोळ्याचा पडदा चांगला. मग मी सहज विचारलं, कॉम्प्युटरकडे कसं बघता, दाखवा. त्यांनी हनुवटी वर केली, माळ्यावरचा डबा शोधावा तशी.

शनिवारी टेप घेऊन मी त्यांच्या ऑफिसात गेले. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची २० तारीख तोंडावर आलेली, सगळे माना खाली घालून कामात. काकांच्या टेबलावर दोन मॉनिटर. डावीकडचा जुना, कागदाच्या दोन रिमांवर चढवलेला, त्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. उजवीकडचा मोठा, भिंतीला टेकवलेला, त्यावर जीएसटीचं पोर्टल. टेप लावली. डावा डोळ्यांपासून ५० सेंटीमीटर, उजवा ८५. पाठीमागे खिडकी, तिचा उजेड थेट दोन्ही पडद्यांवर. एसीचा झोत चेहऱ्यावर.

प्रोग्रेसिव्ह काचेत लांबचं वरच्या भागातून दिसतं आणि जवळचं खालच्या. मधल्या अंतरासाठी उरते ती एक अरुंद पट्टी, तिच्या दोन्ही बाजू धूसर. रिमांमुळे टॅलीचे आकडे काचेच्या लांबच्या भागासमोर येत होते, म्हणून काका हनुवटी उचलून खालचा भाग तिथे आणायचे. उजवीकडे नुसते डोळे वळवले की धूसर, म्हणून अख्खी मान वळवायची. त्यात ५० सेंटीमीटरला २ डायॉप्टर, म्हणजे २ नंबरचं भिंग, लागतात आणि ८५ ला जेमतेम १.२. पन्नाशीत डोळ्यातलं भिंग ताठर झालेलं असतं, हा फरक ते स्वतः भरून काढू शकत नाही. प्रत्येक नोंदीला काका काचेतली नवी जागा शोधत होते, तीही मानेने. मी शेजारी बसून एक मिनिट मोजलं: अकरा वेळा मान वळली, पापण्या फक्त चारदा मिटल्या. माझ्याशी बोलताना मात्र त्या चांगल्या मिटत होत्या. पडद्याकडे टक लावली की पापण्यांचं मिटणं कमी होतं, आणि समोरून एसीचा वारा असेल तर अश्रूंचा थर आणखी लवकर सुकतो.

आम्ही रिमा काढल्या. टॅलीचा पडदा बरोबर समोर, ६५ सेंटीमीटरवर. वरची कड नजरेच्या बरीच खाली. प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्याला ती इतरांपेक्षा खाली लागते. दुसरा पडदा त्याला चिकटून, उघड्या वहीच्या पानासारखा थोडा आत वळवलेला, तोही ६५ वरच. दोन्हींचा उजेड सारखा केला, अक्षरं मोठी केली. टेबल फिरवलं, खिडकी डाव्या हाताला आली. एसीची पट्टी वर केली. चार माणसं आणि चाळीस मिनिटं. नव्याने पैसे पडले ते फक्त कॉम्प्युटरपुरत्या वेगळ्या चष्म्याचे: लांबच्या नंबरात अधिक १.२५, सगळी काच एकाच नंबराची. तो घालून स्कूटर चालवायची नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं.

याआधी काकांनी दुसरीकडून ब्लू-कट, म्हणजे पडद्याचा निळा प्रकाश अडवणारी, काच करून घेतली होती, बरेच जास्त पैसे देऊन. याचा मला खरोखर राग येतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साध्या काचेच्या तुलनेत अशा काचेने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. थकलेल्या माणसाला काहीही विकता येतं.

पण माझ्या मनाला जास्त लागलं ते वेगळंच. मी या माणसाला ६ मीटरवर तपासलं, ४० सेंटीमीटरवर तपासलं. तो दिवसाचे दहा तास जिथे बघतो ते अंतर विचारलंच नव्हतं. पहिल्याच भेटीत विचारलं असतं, तर तो पट्टा मानेवर आलाच नसता कदाचित.

पुढच्या महिन्याच्या २० तारखेला रात्री नऊला काकांचा फोन आला. सगळी रिटर्न भरून झाली होती. मान थोडी अवघडली होती, म्हणाले, पण पट्टा घरी खुंटीला आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडे एक मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करते. तिलाही टेप लावाल का?"