बोलता न येणाऱ्या लेकराचा कान कसा तपासतात?

"मॅडम, एवढंसं लेकरू. त्याले ना सांगता येत, ना हात वर करता येत. मंग त्याले आयकू येते का नाही, हे तुमाले कसं समजते?"

यवतमाळ जिल्ह्यात कान तपासण्याचं काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. बहुतेकदा आजी विचारते आणि बाप बाजूला उभा राहून उत्तराची वाट बघतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण हे नीट न कळल्यामुळेच "मोठं होऊ द्या, मंग पाहू" म्हणत लेकरांची मोलाची वर्षं निघून जातात.

मोठ्या माणसाची तपासणी त्याच्या उत्तरावर चालते. शांत खोलीत हेडफोन लावायचा, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाळाला हे जमणार नाही, पण त्याची गरजही नाही. आतल्या कानात कॉक्लिया नावाच्या शंखासारख्या भागात बारीक केसपेशी असतात. आवाज आत गेला की धडधाकट केसपेशी हलतात आणि त्यातून अगदी क्षीण आवाज उलटा बाहेर येतो. डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञानं १९७८ मध्ये हे दाखवून दिलं. ओएई नावाची तपासणी तोच आवाज टिपते. बाळाच्या कानात मऊ टोक बसवतात, त्यात छोटा स्पीकर आणि माइक असतो. दोन-चार मिनिटांचं काम. सुई नाही, दुखणं नाही, बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच. जन्मल्यावर एक-दोन दिवस कानात ओल असते, त्यामुळे कागदावर कधी 'रेफर' असं येतं. याचा अर्थ एवढाच की तपासणी पुन्हा करायची. त्या पुन्हाच्या तपासणीला कृपा करून याच.

दुसरी तपासणी बेरा. कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून कानात टकटक आवाज सोडतात, आणि तो नसेतून मेंदूकडे जाताना उठणाऱ्या विजेच्या लहरी यंत्र टिपतं. आवाज कमी करत न्यायचा. कुठपर्यंत लहर उमटते त्यावरून किती ऐकू येतं याचा अंदाज बांधता येतो. यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. म्हणून सांगते, आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटेच्या एसटीत झोपू देऊ नका, आणि त्या दिवशी डोक्या-कपाळाला तेल चोपडू नका, पट्टी चिकटत नाही. बाळ झोपलंच नाही तर डॉक्टर झोपेचं औषध देतात. ज्या बाळाला जन्मल्यावर काचेत ठेवलं होतं किंवा कावीळ फार वाढली होती, त्याची ओएई चांगली आली तरी बेरा करावीच. केसपेशी ठीक असून पुढची नस आवाज नीट नेत नाही, असंही होतं.

आता घरी थाळी वाजवून कान तपासतात त्याबद्दल. "थाली वाजवली का पाह्यते नं तो!" हे वाक्य ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. थाळीचा दणका बोलण्याच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय लेकराला हात हलताना दिसतो, जमिनीतून हादरा कळतो. थाळीला वळून बघणाऱ्या लेकराला आईचं बोलणं ऐकू येत नसेल, हे अगदी शक्य आहे. "याचा बापही उशिराच बोलला" हेही थांबण्याचं कारण होत नाही.

पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांपर्यंत निदान, ६ महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असा जगभरातला दंडक आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदूला आवाज मिळाला नाही तर भाषा शिकणं फार अवघड होतं. ऐकण्याचं मशीन उशिरा लावता येतं, ती वर्षं परत आणता येत नाहीत. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून यासाठीही आहे. त्यांना सांगा, ते पुढे पाठवतात.

उपचार दोष कुठे आहे त्यावर ठरतो. पडद्यामागे पाणी साचलं असेल किंवा कान वाहत असेल, तर औषधानं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं बरंच ऐकू येऊ लागतं. केसपेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत. तिथे लसणाचं गरम तेल टाकून काही होत नाही. कान मात्र भाजतो. तिथे श्रवणयंत्र, आणि दोन्ही कानांत दोष असेल तर दोन्ही कानांना. बाळाचा कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होऊन यंत्र शिटी मारतं, तेव्हा साचा नवा करायचा. घामाच्या आणि पावसाच्या दिवसांत रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

यंत्रानंही भागत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं, नसेला थेट संदेश देणारं यंत्र. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ते मोफत मिळू शकतं. मुंबईची अली यावर जंग संस्था ते काम बघते. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लेकरासाठी त्यात ५ वर्षांची अट आहे. सहाव्या वर्षी लेकराला घेऊन आलेल्या आईला हे सांगणं माझ्या कामातलं सगळ्यात जड काम.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होतं आणि घरचे दुसऱ्याच दिवशी बोलण्याची वाट बघतात. लेकराचं ऐकण्याचं वय त्या दिवशी शून्य असतं. तिथून पुढे ऐकायला-बोलायला शिकवणारी थेरपी, आणि घरात बोलणं, बोलणं, बोलणं. "शुद्ध बोला लागन का?" असं आया विचारतात. नाही. तुमच्या घरात बोलता तीच वऱ्हाडी बोला. टीव्ही बंद ठेवा, जवळ बसा, तोंड त्याला दिसू द्या. भाकर थापताना भाकर म्हणा, कापूस वेचून आणला की हातात देऊन कापूस म्हणा, आणि त्यानं काहीही आवाज काढला तरी त्याला उत्तर द्या.