18,401 वेळा हजर

गुरुवार, रात्र

दोन-तीन दिवस झाले एक म्हातारा डोक्यात घर करून बसलाय. विल्यम नॅचर. केंटकीमधल्या बोलिंग ग्रीन गावचा, शिक्षणाने वकील, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होता, आणि मग डेमोक्रॅट काँग्रेसमन, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा (काँग्रेसचा) खासदार. 1954 च्या जानेवारीत हाऊसमध्ये, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहात, शपथ घेतली आणि 29 मार्च 1994 ला गेला तेव्हाही खासदारच होता, म्हणजे सलग 40 वर्षं एकच खुर्ची. नाव ओळखीचं होतं कारण एनआयएचच्या (अमेरिकन सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) कॅम्पसवर 45 नंबरची बिल्डिंग त्याच्या नावाची आहे, आमचे सेमिनार पुष्कळदा तिथल्या ऑडिटोरियममध्ये असतात, पण नाव कोणाचं हे इतकी वर्षं बघायच्या भानगडीत पडलेच नव्हते. या आठवड्यात एक टॉक जरा जास्तच लांबला तेव्हा मोबाईलवर शोधलं आणि मग टॉक राहिला बाजूला.

सगळीकडे पहिल्यांदा तो आकडा येतो. 18,401. इतक्या वेळा सभागृहात नाव पुकारलं गेलं आणि हा दरवेळी हजर होता, एकदाही चुकला नाही, 1954 पासून ते 2 मार्च 1994 पर्यंत. पण आकडा फोडून बघितला की गंमत कळते. त्यातली खरी मतदानं 14,162, आणि उरलेले 4,239 हे नुसते कोरम कॉल, म्हणजे गणसंख्या पुरेशी आहे का बघायला हजेरी घ्यायची, बास. आणि 1973 पर्यंत तिकडे इलेक्ट्रॉनिक मतदान नव्हतंच, क्लार्क एकेक नाव वाचणार, चारशे पस्तीस नावं, अर्धा-पाऊण तास त्यातच जायचा. नंतर कार्ड आलं, पंधरा मिनिटांची मुदत आली, ऑफिसच्या बिल्डिंगांमध्ये घंटा वाजायची की निघायचं. म्हणजे चाळीस वर्षं हा माणूस घंटेच्या हाकेपासून फार लांब कधी गेलाच नसणार, लंचला पण नाही.

बाबांना फोनवर सांगितलं हे. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, त्यांचं आयुष्य हजेरी मस्टरशेजारी गेलं. ते म्हणाले, "मस्टरवर सही असणं वेगळं आणि टेबलावरची फाईल हलणं वेगळं. त्याची फाईल हलली का ते बघ." मी म्हटलं, बाबा तुम्ही अगदी मुद्द्याला हात घातलात, कारण खरी गोष्ट तीच आहे, तो फायली हलवायचाही आणि अडवायचाही, आणि अडवण्यात तर उस्ताद होता.

आता ते अडवण्याचं. वॉशिंग्टन शहराचा पैसा तेव्हा काँग्रेस मंजूर करायची (बराचसा अजूनही त्यांच्याच हातात आहे) आणि ते बघणाऱ्या उपसमितीचा चेअरमन 1961 पासून नॅचर. म्हणजे केंटकीच्या मतदारांनी निवडलेला माणूस वॉशिंग्टनच्या लोकांचं बजेट ठरवणार, ज्यांचं एकही मत त्याला कधी मिळणार नव्हतं. साठच्या दशकात शहरात भांडण पेटलं होतं, हायवे की मेट्रो. हायवे गेला असता तो बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांमधून घरं पाडत, आणि जॉर्जटाऊनजवळ पोटोमॅकवर थ्री सिस्टर्स नावाचा पूल व्हायचा होता. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. नॅचरचं म्हणणं एकच, काँग्रेसने कायदा करून हायवे बांधायला सांगितलंय, आधी ते सुरू करा, तोवर मेट्रोसाठी शहराच्या वाट्याचे पैसे मिळणार नाहीत. आणि खरंच दिले नाहीत, वर्षानुवर्षं. आवाज चढवायचा नाही, भाषण ठोकायचं नाही, सूट-टायमधला अतिशय सभ्य माणूस, आणि पैसे नाहीत म्हणजे नाहीत. शेवटी राष्ट्राध्यक्ष निक्सनने पत्र लिहून पैसे सोडा म्हटलं आणि डिसेंबर 1971 मध्ये हाऊसनेच त्याच्या विरोधात मतदान करून पैसे मोकळे केले. समितीच्या चेअरमनला भर सभागृहात असं हरवणं तेव्हा फार मोठी गोष्ट होती. पूल काही झाला नाही. नदीत थोडं काम सुरू झालं होतं, ते कोर्टाने थांबवलं आणि 1972 मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुरात जे होतं तेही वाहून गेलं.

मेट्रो मात्र झाली. रेड लाईनचा पहिला टप्पा मार्च 1976, आणि एनआयएचजवळचं मेडिकल सेंटर स्टेशन 1984 ला. मी त्याच स्टेशनवर उतरते, तो न संपणारा एस्केलेटर चढते, गेटवर बॅग तपासून घेते आणि नॅचर बिल्डिंगमध्ये जाऊन बसते. ज्याने ही ट्रेन अडवून धरली त्याच्याच नावाच्या इमारतीत पोचायला त्याच ट्रेनने जायचं, आता काय बोलणार.

पण इमारतीला नाव उगाच नाही दिलेलं हेही तितकंच खरं. 1979 पासून तो आरोग्य, शिक्षण आणि कामगार खात्यांच्या उपसमितीचा चेअरमन झाला. एनआयएचच्या प्रत्येक इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर दरवर्षी त्याच्यापुढे येऊन बसायचा, काय केलं, काय करणार, किती लागतील. तो सुरू झाला तेव्हा एनआयएचचं बजेट साधारण 3 अब्ज डॉलर होतं, तो गेला त्या वर्षी जवळपास 11 अब्ज. महागाई धरा, बाकीच्यांचाही हात धरा, सगळं श्रेय त्याचं नाही, पण रेगनच्या काळात कात्री घेऊन बसलेल्या लोकांसमोर हे आकडे वाढत ठेवणं सोपं नव्हतं. लोकांची तब्येत आणि पोरांचं शिक्षण सांभाळा, देश मजबूत राहील, असं सारखं म्हणायचा म्हणे. आमच्या लॅबमध्ये ग्रँटसाठी जीव टांगणीला लागलेली माणसं रोज बघते, त्यामुळे असा एक हट्टी म्हातारा आपल्या बाजूने असण्याची किंमत मला कळते. हट्ट तोच, मेट्रोवाल्यांच्या नशिबी एक आला आणि आमच्या नशिबी दुसरा.

निवडणुकीचं तर वेगळंच. कोणाकडून एक डॉलर घ्यायचा नाही. वर्गणी आली तर परत. प्रचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून, तोही काही हजार डॉलर, स्वतः गाडी चालवत गावोगाव फिरायचा. प्रेस सेक्रेटरी नाही, स्टाफ मोजका. आजच्या हिशोबात हे वाचलं की खोटं वाटतं. शिवाय रोज डायरी लिहायचा, वर्षानुवर्षं.

1992 च्या शेवटी अख्ख्या अप्रोप्रिएशन्स कमिटीचं (सरकारी खर्च मंजूर करणारी मुख्य समिती) चेअरमनपद मिळालं, आधीचा चेअरमन जेमी व्हिटन आजारी पडल्यावर. तेव्हा वय 83. चाळीस वर्षं रांगेत उभं राहून शेवटी काउंटरवर पोचायचं आणि हातात सव्वा वर्ष. सीनियॉरिटीची ती पद्धतच तशी होती, मला ती पद्धत काही फार पटत नाही.

आणि मग तो मार्च. हृदय थकलेलं, बेथेस्डाच्या नेव्हल हॉस्पिटलमध्ये ॲडमिट, जे एनआयएचच्या समोरच आहे, मधे फक्त रॉकव्हिल पाइक. तिथून ॲम्ब्युलन्सने कॅपिटॉलला, स्ट्रेचरवर, ऑक्सिजन लावलेला, आणि तशा अवस्थेत सभागृहात आणून मत नोंदवलं. दुसऱ्या दिवशी 3 मार्चला जमलं नाही आणि रेकॉर्ड तिथे थांबलं. बरेच लेख याला कर्तव्यनिष्ठा वगैरे म्हणतात. मला नाही वाटत. 84 वर्षांच्या माणसाला ऑक्सिजनसकट उचलून आणण्याइतकं त्या मतांवर काही अडलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला हे कळत होतं, नवीन खासदारांना तो सांगायचा की सुरुवातीलाच एखादं मत चुकवून टाका, नाहीतर हे ओझं गळ्यात पडतं. स्वतःचं मात्र उतरवता आलं नाही.

अंत्यविधीला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन बोलिंग ग्रीनला गेला होता. पुढे केंटकीतच ओवेन्सबरोला ओहायो नदीवर त्याच्या नावाचा पूल झाला, 2002 मध्ये. हट्ट पोटोमॅकवरच्या पुलाचा आणि मिळाला ओहायोवरचा! बाबा यावर बराच वेळ हसले.

मला आता त्या डायरीतलं डिसेंबर 1971 चं पान वाचायचंय, ज्या दिवशी हाऊसने त्याला हरवलं त्या दिवसाचं. आकडे नीट लिहून ठेवले असणार, त्याबद्दल शंका नाही, पण कोणावर चिडला का, की दुसऱ्या दिवशीच्या मतदानाची वेळ लिहून झोपला. वीकेंडला बघते, लायब्ररीत कुठे काही मिळतंय का.