तुम्ही विचारलंत म्हणून: रिक्वायरमेंटमध्ये गोष्ट कशाला?

नवीन टीम मिळाली की कुणीतरी हे विचारतंच, की रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते, सरळ पॉइंट काढून लिहायचं ना, तुम्ही त्यात माणसं आणि गोष्टी कशाला घालता? तर सांगते.

गावच्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर घ्या. पॉइंट असा: 'सिस्टीमने फॅट आणि एसएनएफवरून दर काढावा.' (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक.) वाचून सगळे माना डोलावतात, डेव्हलपर पण आणि टेस्टर पण, कुणाला एक प्रश्न पडत नाही. आता हे वाचा. सकाळची वेळ, एक मावशी दोन किटल्या घेऊन आल्यात, एक गायीची एक म्हशीची, खातं एकच. गायीचं दूध मशीनने वाचलं, फॅट ३.८, एसएनएफ ८.५, म्हशीचं लावलं आणि लाइट गेली. मागे रांग, दूध न्यायला गाडी यायची वेळ झालेली, केंद्राच्या सचिवांनी वहीत लिटर लिहून घेतले आणि म्हणाले फॅट नंतर बघू.

झालं, लगेच प्रश्न सुरू. नंतर म्हणजे कधी, सॅम्पल ठेवलं का, नसेल तर कालची फॅट धरायची का, ते कोण ठरवणार, मावशींना पावती कधी, आणि दहा दिवसांचं बिल निघेपर्यंत ही एन्ट्री राहूनच गेली तर? शिवाय त्यांनी उधारीवर पशुखाद्य नेलंय त्याची कपात याच बिलातून व्हायचीय. यातलं काहीच त्या पॉइंटमध्ये नव्हतं. तो चुकीचा नव्हता हो, फक्त त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. माझ्या मते अडलं नाही तर ती गोष्टच नाही.

म्हणून रिक्वायरमेंट लिहायचं ते साच्यातलं 'ॲज अ युजर, आय वॉन्ट' (अमुक म्हणून मला तमुक हवंय) वालं वाक्य मला पुरत नाही. लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीतल्या टीमने ते २००१ च्या आसपास वापरात आणलं, कल्पना चांगलीच होती, पण आता लोक रिकाम्या जागा भरल्यासारखं भरतात, 'सचिव म्हणून मला लॉगिन करायचंय'. कोणत्या सचिवाला लॉगिन करायची हौस असते? सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतींवर लिहिणाऱ्या रॉन जेफ्रीजने २००१ मध्येच सांगितलेलं की अशी गोष्ट कार्डावर लिहिणं हा एक भाग, मग त्यावर बोलणं आणि मग खात्री करणं. बोलणंच कुणी करत नाही.

आणि हो, आकडे गोष्टीत कोंबत नाही मी. गायीच्या दुधाचा दर जाहीर होतो तो ३.५ फॅट ८.५ एसएनएफला, त्याच्या वरखाली दर कसा बदलतो तो चार्ट वेगळा जोडायचा, आणि नवा चार्ट सकाळपासून लागू की संध्याकाळपासून हे एका ओळीत स्पष्ट लिहायचं. बँकेत जाणाऱ्या फाइलचे कॉलम, पावतीच्या कागदाची साइज, असल्याला गोष्ट नकोच, तक्ता बास. गोष्ट अर्ध्या पानाच्या पुढे गेली तर बहुतेक त्यात दोन गोष्टी असतात, वेगळ्या करायच्या आणि मग सचिवांना वाचून दाखवायच्या, मेल नाही करायच्या.