मिठाला सुटलेले पाणी

मुलुंडच्या घरातच मी साबण आणि अंघोळीचे सुगंधी मीठ तयार करून विकते. गेल्या राखीपौर्णिमेच्या आधी चाळीस बरण्यांची मागणी आली होती. रात्री त्या भरून, बुचे घट्ट बसवून टेबलावर मांडल्या आणि सकाळी चहा टाकत असताना बाहेरच्या खोलीत ‘फट्’ असा आवाज झाला. जाऊन पाहते तो एका बरणीचे बूच जमिनीवर आणि काठावरून फेसाळ लगदा ओघळत असलेला. मी पुसायला वाकले, तेवढ्यात दुसरे बूच उडाले.

अंघोळीच्या पाण्यात फेस यावा म्हणून माझ्या मिश्रणात खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व असते. कोरडे असेपर्यंत दोन्ही शेजारी-शेजारी निमूट राहतात. ओल लागली की मात्र कार्बन डायऑक्साइड सुटतो. प्रश्न एवढाच होता की, बंद बरणीत ओल आली कुठून.

त्या वेळी मी नेहमीचे धुतलेले, पांढरे खडे मीठ न घेता करड्या रंगाचे, न धुतलेले समुद्री मीठ आणले होते. ‘नैसर्गिक’ हा शब्द गिऱ्हाइकांना आवडतो आणि, खरे सांगायचे तर, ते स्वस्तही होते. तळमजल्यावरच्या काकांची उमेद भांडुपच्या मिठागरात गेलेली. त्यांनी गोणीतला एक खडा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडे केले. “कडू लागतंय. वरचं पाणी नीट काढलेलं नाही, पोरी.”

समुद्राचे पाणी आटत २५ अंश बोमेच्या (बोमे हे खाऱ्या पाण्याची घनता मोजण्याचे माप) आसपास आले की साधे मीठ खड्यांच्या रूपाने खाली बसू लागते आणि मॅग्नेशियमचे क्षार वरच्या पाण्यात उरतात. ते कडू पाणी निथळून मीठ धुतले नाही, तर मॅग्नेशियम क्लोराइडचा थर खड्यांवर राहतो. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते, मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या पुढेच हवेतले पाणी ओढू लागते. मुंबईच्या श्रावणात त्याला आणखी काय हवे!

खात्रीसाठी दोन्ही मिठे शंभर-शंभर ग्रॅम कढईत परतून ताटल्यांत उघडी ठेवली. दुपारी पाहिले, तर धुतलेल्या मिठाचे खडे जेमतेम दमट झाले होते. करडे मीठ स्वतःच्याच पाण्यात बसले होते. मृत समुद्राचे मीठ मागणारी गिऱ्हाइके माझ्याकडे येतात, पण त्यात साध्या मिठापेक्षा मॅग्नेशियम क्लोराइडच जास्त असते, त्यामुळे पावसाळ्यात ते मी बरणीत भरत नाही. एप्सम सॉल्ट तर समुद्री मीठच नव्हे. ते मॅग्नेशियम सल्फेट असते.

उरलेल्या अडतीस बरण्या बुचे सैल करून रिकाम्या केल्या. मागणी देणाऱ्या बाईंना फोन करून घडले ते सांगितले आणि एक दिवस मागून घेतला. नव्या खेपेसाठी धुतलेले मीठ मंद आचेवर परतून पूर्ण गार केले, सोडा आणि लिंबूसत्त्व दोन्ही वगळले आणि खिडक्या लावून, एसी चालू ठेवून बरण्या भरल्या. फेस येणार नाही, हे बाईंनी मान्य केले.

करडे मीठ टाकवले नाही. बादलीभर गरम पाण्यात मूठभर घालून आम्ही घरचेच त्यात पाय शेकतो. गोणी गॅलरीत आहे आणि तिच्याखालचे ताट रोज सकाळी ओतून द्यावे लागते.