प्रवाहमापकाच्या आलेखातली खोटी लाट

गोव्याच्या खाजन शेतीतल्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतीतल्या) मानशींची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या वाटांची, दारं भरती-ओहोटीला कशी उघडमिट करतात, हे आमच्या छोट्या प्रयोगशाळेत प्रतिकृतीवर मोजत होतो. पाण्याच्या वाटेवर पीव्हीसी नळीत विद्युतचुंबकीय फ्लोमीटर, म्हणजे प्रवाहमापक. पंप स्थिर वेगाने चालू, तरी आलेखात साधारण वीस सेकंदांची संथ लाट. आम्ही भरतीचा अभ्यास करणारे, त्यामुळे ही लाट पाण्याचीच असणार असं कुणालाही वाटावं!

नळी भरलेली ठेवून व्हॉल्व्ह बंद केला, पंप थांबवला. लाट तशीच. मग पंपाच्या पॅनेलचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडला आणि आलेख सपाट झाला. म्हणजे गडबड विजेची.

पण वीज ५० हर्ट्झची, तिची लाट वीस सेकंदांची कशी? लॉगर, म्हणजे मीटरचा सिग्नल नोंदवणारं यंत्र, सेकंदाला २५ नोंदी घेत होता. पुरवठा ४९.९५ हर्ट्झवर असेल, तर दोन नोंदींमध्ये जवळजवळ दोन पूर्ण आवर्तनं उलटतात. उरलेला किंचित फरक साचत जातो आणि ०.०५ हर्ट्झची खोटी लाट दिसते. नोंदींचा वेग सेकंदाला १००० केल्यावर ५० हर्ट्झचा स्वच्छ तरंग समोर आला. त्या क्षणी मला झालेला आनंद अजून आठवतो.

अशी लाट नोंदीत शिरली की नंतर सरासरी काढून ती जात नाही. लॉगरच्या आधीच अडवावी लागते. मीटरकडून येणाऱ्या ४–२० मिलिअँपिअरच्या सिग्नलसाठी २५० ओहमचा रोध होता. त्यावरचं व्होल्टेज १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडच्या फिल्टरमधून घेतलं. ५० हर्ट्झ सुमारे तीस पटींनी घटला. पण माझ्या मते खरा फरक सिग्नलच्या केबलने पडला. ती पंपाच्या पुरवठ्याच्या केबलसोबत एकाच पट्टीतून आली होती. पिळलेल्या जोडीची, शिल्डवाली (बाहेरून धातूचं आवरण असलेली) केबल वेगळ्या वाटेने टाकली, शिल्ड फक्त लॉगरच्या टोकाला आर्थ केलं.

पंप चालू असताना व्हीएफडीची (पंपाचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाची) बारीक खरखर आलेखात उरली होती. पीव्हीसी वीज वाहत नाही, त्यामुळे नळीतल्या पाण्याला आर्थ मिळत नाही. मीटरच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या आर्थिंग रिंगा बसवून मीटरच्या बॉडीशी जोडल्यावर तीही गेली. आता उन्हाळ्यात आर्थ-पिटमध्ये (आर्थिंगच्या खड्ड्यात) पाणी घालणं मी चुकवत नाही. इथला जांभा कोरडा पडला की आर्थिंगचा रोध वाढतो.