एवढ्या लांब जाऊन अल्टोच?

आईने शिवलेला सप्तशृंगीचा बिल्ला गेल्या शनिवारी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला, शर्यतीच्या ट्रॅकवर, उसवावा लागला.

वणीच्या गडावरून आणलेला, रुपयाएवढा. मागच्या उन्हाळ्यात ती इथे राहायला आली होती, तेव्हा माझ्या रेसिंग सूटच्या छातीवर तिने तो लाल पॉलिएस्टरच्या दोऱ्याने लावून दिला. शर्यतीआधी सगळ्यांची तपासणी होते. तपासणाऱ्या आजोबांनी हेल्मेट पाहिलं, मानेचं संरक्षक पाहिलं, सूटवरून हात फिरवला आणि बोट बिल्ल्यावर थांबवलं. दोरा कसला? म्हटलं, साधाच. मग काढावा लागेल. आग लागली तर साधा दोरा वितळून कातडीला चिकटतो. सूटवर काही शिवायचं तर न जळणाऱ्या दोऱ्याने, आणि तेही फक्त वरच्या थरात.

मी वाद घातला. "अहो, एवढासा तर आहे." आजोबा चिडले नाहीत, हसलेही नाहीत, पुढच्याचं हेल्मेट बघायला लागले.

शेजारच्या गॅरेजमधल्या बाई, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याला आम्हाला हरवायचं होतं त्या, डोळ्यांवर चष्मा चढवून बसल्या आणि एकेक टाका सोडवून बिल्ला रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. आईचा हात हलका, आतल्या थराला टाका लागला नव्हता. सूट वाचला.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर फोटोंसकट टाकलं. बिल्ल्याचं कुणाला काही नाही. नाशिकला कॉलेज रोडवर राहणाऱ्या काकांचा पहिला मेसेज: "ही कुठली रे गाडी? अल्टो?" त्याखाली मावसभावाचं हसू. मग मामा: "एवढ्या लांब जाऊन अल्टोच?"

अल्टो नाही, सिट्रोएन सी-१ आहे. पण खरं सांगू का, काका फार चुकलेले नाहीत. सी-१ला टोयोटाचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद ६८ अश्वशक्ती. आपल्या अल्टो के-१०लाही ९९८ सीसी, तीन सिलिंडर आणि जवळपास तेवढीच ताकद. शंभरचा वेग गाठायला सी-१ला जवळपास १४ सेकंद लागतात. मुंबई नाक्याच्या सिग्नलवर काकांची फॉर्च्युनर मला सहज मागे टाकेल. टाकू दे.

आपल्याकडे गाडी म्हणजे माणसाची उंची, हे मला नव्याने सांगायला नको. साखरपुड्याला किती गाड्या आल्या यापेक्षा कुठल्या आल्या हे आधी मोजतात. माझ्या बारशाला म्हणे कुणीतरी नवी मारुती ८०० घेऊन आलं होतं. बारसं कुणाला आठवत नाही, गाडीचा रंग सगळ्यांना आठवतो. मीही त्याच गावचा. तीन वर्षांपूर्वी शर्यतीचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मलाही बीएमडब्ल्यूच हवी होती. फोटोत बरी दिसली असती. ग्रुपवर तर फारच बरी.

इथे क्लबची शर्यत म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवारी पळणाऱ्यांची. प्लंबर असतात, दंतवैद्य असतात, शाळामास्तर असतात. ७५० मोटर क्लब १९३९पासून हेच करतोय. नावातले ७५० आले ऑस्टिन सेव्हनच्या ७४७ सीसीच्या इंजिनावरून. लोटस काढणारा कॉलिन चॅपमन याच गरिबांच्या शर्यतीतून वर आला. (हे काकांना सांगितलं. "कोण चॅपमन?" म्हणाले.)

क्लास, म्हणजे एकसारख्या गाड्यांचा गट, निवडायचा म्हणजे गाडी निवडायची, असं मला वाटत होतं. एका निवृत्त प्लंबरने पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे गाड्या उभ्या करतात तिथे, चहा पाजून माझी शिकवणी घेतली. पहिला प्रश्न: तुझ्या घराजवळच्या ट्रॅकवर कुठल्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त गाड्या उतरतात? मागच्या मोसमाचे निकाल काढून मोज. सहा गाड्यांच्या क्लासमध्ये तिसरा येशील, पण एकटाच फिरत बसशील. तीस गाड्यांत विसावा आलास तरी दर वळणाला कुणीतरी शेजारी असेल. दुसरा प्रश्न: आज ही गाडी भिंतीवर आपटून भंगार झाली, तर सोमवारी बायकोला सांगता येईल का? बीएमडब्ल्यू तिथेच संपली.

मग माझदा एमएक्स-५वर मन बसलं. दोन सीटची, ताकद मागच्या चाकांना, इथल्या नवशिक्यांची लाडकी. जुन्या गाड्यांना दाराखालून गंज खातो हे सोडलं तर खोट काढायला जागा नाही. लोकॉस्टही पाहिली: नळ्या जोडून घरीच सांगाडा उभा करायचा आणि त्यात जुन्या फोर्डचे भाग बसवायचे. सातपूरच्या कारखान्यांत वाढलेल्या माणसाला वेल्डिंगचं काय कौतुक, पण बायको म्हणाली, गॅरेज किंवा मी. शिवाय स्वतः गाडी बांधणं महाग पडतं. गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, अग्निशामक यांचा खर्च मूळ गाडीच्या वर जातो. कुणीतरी बांधून, कंटाळून विकायला काढलेली गाडी घ्यावी. टायर, ब्रेक आणि प्रवेश फी मात्र दर शर्यतीला आ वासून उभे असतातच.

सी-१मध्ये हा खर्च चौघांत वाटला जातो. शर्यती लांब, काही तर चोवीस तासांच्या, पाळीपाळीने चालवायची. आमच्या चौघांत मी एकटा देशी. आणि ताकद नसल्यामुळे ही गाडी जे शिकवते ते बीएमडब्ल्यू शिकवणार नाही. वळणाआधी गरजेपेक्षा जरा जास्त ब्रेक दाबला की गेलेला वेग पूर्ण सरळ रस्ताभर परत येत नाही, आणि तेवढ्यात चार जण पुढे गेलेले असतात. (मी स्वतःलाच समजावतोय असं वाटत असेल, तर वाटू दे. एका लग्नातल्या ढोल-ताशा-डीजेच्या खर्चात माझा मोसम निघतो, हेही इथेच लिहून ठेवतो.)

इथलं मला खरंच आवडलेलं काही असेल तर नियमपुस्तक. त्याचा गाभा एका ओळीचा: जे करायला परवानगी आहे असं लिहिलेलं नाही, ते करायला मनाई आहे. सस्पेन्शन ठरवून दिलेलं, टायर ठरवून दिलेला, इंजिन जसं कारखान्यातून आलं तसं. आपण नेमके उलटे: "कुठे लिहिलंय चालणार नाही म्हणून?" याच वाक्यावर माझं अख्खं इंजिनिअरिंग निघालं. परवान्याच्या लेखी परीक्षेत झेंड्यांच्या प्रश्नांना शंभरपैकी शंभर हवे असतात. एक चुकला तरी नापास. आणि पास झाल्यावरही पहिल्या काही शर्यती गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावून पळायचं, म्हणजे मागच्यांना कळावं की हा कच्चा लिंबू.

पण आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकला व्हायची, तिची धूळ मी खाल्लेली आहे. एस्टीमच्या इंजिनावर फॉर्म्युला गाड्या आपल्याच लोकांनी पळवल्या. अडचण अंतराची आहे. कोइंबतूर काय, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई काय, नाशिकहून हजार किलोमीटरच्या पुढे. मला सिल्व्हरस्टोन घरापासून त्र्यंबकेश्वराएवढं. यात माझी हुशारी काडीची नाही, घरभाडं या भागात परवडलं इतकंच.

अख्ख्या ग्रुपवर अल्टोला हसले नाहीत ते फक्त बाबा. नाशिकच्या मायको कारखान्यात एकतीस वर्षं, जन्म इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाची, नोझल मोजण्यात गेला. मायक्रॉनशिवाय, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशिवाय, ते बोलत नाहीत. रविवारी फोन आला. "सगळ्यांची इंजिनं सारखी म्हणतोस?" हो. "मग पुढे कोण जातो?" मी वळणं, ब्रेक, पुढच्याच्या आडोशाने पळणं वगैरे बरंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ते नियमांचं पुस्तक पाठव.

पाठवलं. अंबडला जाऊन त्यांनी छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन चार दिवस बसले. इंग्रजी शब्द अडला की आईकडून मोबाइलवर शोधून घ्यायचे. काल रात्री इथले अकरा, म्हणजे तिथले साडेतीन वाजलेले असताना परत फोन. मला वाटलं, काय झालं.

"इंजेक्टर बदलायचा नाही, हे कळलं," बाबा म्हणाले. "पण साफ करायचा नाही, असं कुठे लिहिलंय?"

विचारून सांगतो म्हटलं.